मालकाचे नाव

दाभ्याच्या गुरांच्या दवाखान्यात
रजिस्टरला सात रकाने आहेत.
तिसरा, मालकाचे नाव.
मोर आला की मी तिथे रेघ मारते.
शेवटचा, निकाल.
तिथे घाई करायची नाही, असं नंदेश्वर डॉक्टर
बदली होऊन जाताना सांगून गेले.

मारबतीच्या दिवशी तिकडे इतवारीत
लोक ओरडत होते, खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा,
आणि इकडे कोडापेच्या गोणपाटात एक लांडोर,
डोळ्यांभोवती देवीच्या खपल्या, वाटाण्याएवढ्या.
भादव्यात डास मातले की हे येतंच.
डावा डोळा गेला होता.
पोटॅशच्या पाण्याने मी फोड पुसले, खपली ओढली नाही.
ती माझ्याकडे एकाच बाजूने पाहत राहिली,
उधारी लक्षात ठेवावी तशी.

त्याच आठवड्यांत नर पिसारा गाळतात.
कुंपणाच्या तारेला पिसं, तुरीच्या ओळीत पिसं, नालीतसुद्धा.
शाळेतली पोरं वेचून नेतात.
आणि आषाढात ज्याने अख्खा रस्ता अडवला होता
तो आता बोडक्या मागाने
बाभळीआडून निघून जातो.
कोडापे म्हणतो, बाई, त्याले काही बोलू नका,
या दिवसांत अंगात ताप असते त्याच्या.
ताप नसतो. मी मोजलाय.
पण बोलत मात्र नाही मी त्याला काही.

थंडीत पंधरा-सोळा लांडोरी
शेणखताच्या ढिगावर, आतल्या उबेवर बसून असतात,
हरभऱ्याचे शेंडे खुडून जड झालेल्या.
काणीची जागा उजव्या कडेला.
आंधळी बाजू आत, बायांकडे,
डोळ्याची बाजू बाहेर, गोरेवाड्याच्या झाडीकडे.
हे कोणी ठरवलं, मला माहीत नाही.

संक्रांतीला तीन मोर. नायलॉनचा मांजा,
पंखाच्या सांध्यात, हाडापर्यंत.
हा काही ऋतूचा आजार नव्हे,
पण दरवर्षी त्याच पानावर येतो
म्हणून मी तो ऋतूतच धरते.
दोन गेले. निकाल लिहिला.

माघात नव्या पिसांच्या नळ्या रक्ताने भरतात,
तेव्हा नराला धरायचं नाही, एक नळी मोडली तरी धार लागते.
होळी झाली, पिसारा पुरता आला
की मग डोकं फिरतं.
नव्या मॅडमच्या स्कूटीच्या आरशात रोज सकाळी एक परका मोर असतो.
चोच रक्ताळेस्तोवर त्याला हाकलायचं.
मॅडमने शेवटी आरशाला जुना मोजा चढवला.
दोन दिवस तो मोज्यासमोर उभा होता.

नवतपा. सत्तेचाळीस.
कूलरची नळी मागच्या भिंतीला गळते,
खाली विटांच्या खळग्यात ओंजळभर पाणी.
दुपारी तिथे येतात, पंख अंगापासून सुटे,
चोच उघडी, गळ्याखालची कातडी
शिलाई मशीनसारखी थरथरत.
दोन हातांवर मांजर पडलेलं असतं.
त्या उन्हात कोणी कोणाला खात नाही.
काणी तेव्हा होती. तारीख आहे माझ्याकडे.

मग दिसलीच नाही.
आषाढ गेला, श्रावण गेला.
कुत्र्यानं नेली असन, कोडापे म्हणाला, लिहून टाका.
मी पेन उघडला. परत लावला.

आज तान्हा पोळा. पोरांचे लाकडी बैल रस्त्यावर,
चाकांची खडखड थेट आतपर्यंत,
आणि त्या आवाजातच कुंपणाच्या फटीतून ती आली.
मागे मातीच्या रंगाची चार पिल्लं.
तीन उजवीकडे, तिच्या डोळ्यासमोर.
एक मात्र सारखं डावीकडे जातं.
दर वेळी ती थांबते, अख्खी वळते,
ते दिसलं की पुढचं पाऊल टाकते.
दोन ओळी तूर ओलांडायला अर्धा तास.

खिडकीशी गाय घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला,
बाई, आमचा नंबर लागन का आज?
मी म्हटलं, थांबा जरा.
एक पेशंट जाऊन राहिला.